दरवर्षी मार्चमध्ये मोडणारी शिस्त

पत्र आहे सांगलीतल्या एका वाचकाचं. वय ४३. मार्केट यार्डातल्या हळदीच्या एका पेढीवर गेली १७ वर्षं ते दिवाणजी आहेत. रोजमेळ, म्हणजे दिवसाच्या जमाखर्चाची वही, जुळल्याशिवाय गादीवरून उठायचं नाही, हा त्यांचा नेम. घरी आई, पत्नी आणि नववीतला मुलगा. दर १ जानेवारीला ते स्वतःला बदलायचं ठरवतात आणि यादी करतात: पहाटे पाचला उठणं, २४ सूर्यनमस्कार, दहा पानं वाचन, पाच इंग्रजी शब्द, रात्री डायरी, चहा बंद, नऊनंतर मोबाईल बंद. फेब्रुवारी सरता सरता सगळं थांबतं. गुढीपाडव्याला पुन्हा सुरुवात होते आणि पंधरा दिवसांत तीही संपते. अशी तीन-चार वर्षं गेली. पत्नी नुसत्या हसतात. यंदा १ जानेवारीला मुलाने विचारलं, "पप्पा, यंदा किती दिवस?" ते जिव्हारी लागलं. साताऱ्याचे मेहुणे तिथली हिल मॅरेथॉन पळतात. दिवंगत वडील फलटणकडचे, वारकरी. त्यांचा नेम कधी मोडला नाही. "मला कुठलीच गोष्ट तडीस नेता येत नाही. काही जणांच्या रक्तातच शिस्त नसते का? चाळिशीनंतर माणूस बदलतो का?" असं ते विचारतात. शेवटी जाता जाता एक ओळ आहे: लग्नाआधी ते मिरजेला पेटी शिकायला जायचे, पेटी आता माळ्यावर आहे.

नमस्कार दिवाणजी,

तुमचं पत्र पुन्हा वाचताना मी तुमचे निश्चय बाजूला ठेवले आणि फक्त तारखा कागदावर उतरवल्या. १ जानेवारी, सुरुवात. फेब्रुवारीअखेर, बंद. पाडवा, पुन्हा सुरुवात. पंधरवडा, बंद. आता या तारखांशेजारी यार्डातलं वर्ष मांडा. संक्रांत उलटली की नवी हळद यायला लागते. फेब्रुवारीपासून सौद्यांना जोर चढतो. मार्च-एप्रिलमध्ये पोत्यांच्या थप्प्यांमधून वाट काढत गादीपर्यंत पोचावं लागतं, त्यातच मार्चअखेरची धावपळ. मे सरेपर्यंत रात्री नऊच्या आत घरी येणं होत नाही, हे तुम्हीच लिहिलंय. म्हणजे वर्षातले जे चार महिने तुमचे स्वतःचे नसतात, त्यांच्या तोंडावर तुम्ही पहिला निश्चय करता आणि ऐन मध्यावर दुसरा. दरवर्षी तेच घडतं आणि दरवर्षी तुम्ही निकाल देता तो स्वतःच्या स्वभावाविरुद्ध. हिशोबाच्या माणसाने एवढी मोठी रक्कम चुकीच्या खात्यावर टाकावी, याचं मला जरा नवल वाटलं.

"कुठलीच गोष्ट तडीस नेता येत नाही" हे वाक्य तर मी तुम्हाला सुखासुखी देणार नाही. १७ वर्षं रोजमेळ लिहिताय. सौदे, हमाली, तोलाई, शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विकल्या मालाच्या हिशोबाच्या चिठ्ठ्या), कुणाची उचल, कुणाची बाकी, आणि शेवटी रोख शिल्लक पैशापर्यंत जुळवून वही मिटायची. डोकं दुखत असलं तरी, घरी पाहुणे आले असले तरी. रोजमेळ लिहायची आज इच्छा आहे का, हे तुम्ही स्वतःला एकदा तरी विचारलंय का? नाही ना? आणि यार्ड बंद असतं त्या दिवशी रोजमेळ लिहिला नाही म्हणून "माझी सवय मोडली" असं वाटलंय? तेही नाही. यार्ड उघडलं की वही उघडते.

मग एकच माणूस पेढीवर इतका शिस्तीचा आणि घरी इतका ढिला कसा? पेढीवर जागा ठरलेली आहे, वेळ ठरलेली आहे, वही समोर आहे. सकाळी मालक वही बघणार आहेत आणि पट्टीसाठी शेतकरी दारात उभा राहणार आहे. काम कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे स्वच्छ आहे. घरी यातलं काय आहे? पुस्तक कपाटात, डायरी कुठल्या तरी पिशवीत, आणि दहा पानं वाचली नाहीत तर अडतं कुणाचं? तुमची शिस्त जागेवर आहे, दिवाणजी. तिला टेकायला पेढीवर भिंती आहेत आणि घरी तुम्ही तिला मोकळ्या मैदानात उभी केलीय.

हे मी तुमचं मन राखायला म्हणत नाही. अमेरिकेत वेंडी वुड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात गेलेल्या विद्यार्थ्यांच्या सवयी तपासल्या. तो अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. व्यायाम, वर्तमानपत्र वाचणं, टीव्ही बघणं अशा सवयी कुणाच्या टिकल्या? नव्या ठिकाणीही आजूबाजूची मांडणी ज्यांना जुन्यासारखी मिळाली, त्यांच्या. मांडणी बदलली तिथे सवय ढिली पडली. तुमची तर मांडणी दर फेब्रुवारीला बदलते. घर तेच, गाव तेच, पण दिवस वेगळाच.

आता त्या यादीकडे येऊ. सात गोष्टी, सगळ्या एकाच पहाटेपासून. ही यादी एका बैठकीत तयार झालेली नाही. थोडी मोबाईलवरच्या व्हिडिओंतून, थोडी मेहुण्यांकडून, थोडी शाळेतल्या गुरुजींच्या आठवणीतून जमलेली दिसते. प्रत्येक गोष्टीपुढे एक प्रश्न लिहून बघा: हे मला कशासाठी हवंय? चाळिशी उलटलेल्या आणि दिवसभर गादीवर बसणाऱ्या माणसाला व्यायाम हवाच. इंग्रजी शब्द कशाला? मालकांचा मुलगा आता इंग्रजीत मेल पाठवतो आणि ते वाचताना तुम्ही अडखळता, असं एका ओळीत तुम्ही लिहिलंय. मग ते शब्द घरी पाठ कशाला करायचे? त्याच मेलमधले दोन शब्द रोजमेळ मिटण्याआधी वहीच्या मागच्या पानावर लिहा. काम पेढीचं आहे, पेढीवरच उरकू द्या. डायरीपुढे मात्र तुम्हाला काही लिहिता येईल असं मला वाटत नाही. दिवसभर लिहिणाऱ्या माणसाला रात्री पुन्हा लिहायला लावण्यात मला तरी काही पुण्य दिसत नाही.

आणि चहा. यार्डात सौदा ठरला की चहा येतो, शेतकरी आला की येतो, कुणीच आलं नाही तरी येतो. तो सगळीकडे नाकारत बसण्यात तुमचा दिवसभराचा निग्रह संपतो आणि संध्याकाळी सूर्यनमस्कारासाठी काही उरत नाही. डॉक्टरांनी साखरेबद्दल सांगितलं असेल तर बिनसाखरेचा मागवा, कप अर्धा करा. तसं काही नसेल तर चहा सोडायचं तूर्त सोडून द्या.

"एकवीस दिवस केलं की सवय लागते" या हिशोबाने तुम्ही २१ जानेवारीची वाट बघता आणि त्यानंतरही अंग कुरकुरतं म्हणून खचता. हा आकडा आला कुठून ते ऐका. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचे एक अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते. शस्त्रक्रियेनंतर आरशातल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान एकवीस दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. १९६० च्या त्यांच्या पुस्तकातून ते लोकांपर्यंत गेलं. वाटेत 'निदान' गळून पडलं आणि चेहऱ्याच्या जागी सूर्यनमस्कार आले. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोज एक नवी गोष्ट करायला लावून १२ आठवडे नोंदी ठेवल्या. गोष्ट आपोआप व्हायला सरासरी ६६ दिवस लागले. पण सरासरीवर जाऊ नका. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. जेवणाबरोबर पाणी पिण्यासारखी सवय लवकर बसली, व्यायामाला त्याच्या साधारण दीडपट वेळ लागला. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, आणि तुमच्यासाठी मला ती सगळ्यात मोलाची वाटते: मधला एखादा दिवस चुकला म्हणून सवय बसण्यात फारसा फरक पडला नाही. तुमच्या घरात मात्र एक दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी तुम्ही गजरच बंद करून टाकता.

वडिलांबद्दल तुम्ही फार सुंदर लिहिलंय, पण त्यांच्याशी तुलना करताना एक बाजू तुमच्याकडून सुटली. माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला येते, तिथून तरडगाव, फलटण, बरड. वडील लोणंदला दिंडीत सामील व्हायचे. त्या दिवशी निघायचं की नाही हे त्यांना पहाटे उठून ठरवावं लागत नव्हतं, तिथी पंचांगात होती. दिंडीत त्यांची जागा ठरलेली होती आणि ती रिकामी राहिली असती तर पुढच्या-मागच्यांनी विचारलं असतं. त्यांची निष्ठा मी कमी लेखत नाही. पण ती निष्ठा एकटी चालत नव्हती, तिच्यासोबत अख्खी दिंडी चालत होती. आणि तुमच्या आईच्या आठवणीतला जो प्रसंग तुम्ही सांगितलात, एका वर्षी पेरणी लांबली आणि आषाढी हुकली तर वडील कार्तिकीला गेले, तो जरा पुन्हा आठवा. पंढरीच्या वाऱ्या चार आहेत: आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री. एक हुकली तर परतायची दुसरी वाट परंपरेनेच ठेवलीय. वडील त्या वर्षी "आपल्याच्याने वारी होत नाही" म्हणून माळ काढून बसले नाहीत. तेव्हा वडिलांचा नेम कधीच मोडला नाही, हे तुमचं म्हणणं तुमच्याच पत्रात खोटं ठरतं. नेम मोडला होता. त्यांनी तो पुन्हा धरला.

मेहुण्यांचं थोडक्यात. मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट पळत चढणं सोपं नाही, त्यांचं कौतुक आहेच. पण ते सात-आठ जण मिळून सरावाला जातात असं तुम्हीच लिहिलंय, आणि त्यांच्या कामाला हळदीचा हंगाम नाही. स्टेटसवरचं पदक बघा, अभिनंदन करा आणि पुढे चला.

तर मग करायचं काय?

पावसाळ्यात सांगलीतलं प्रत्येक घर एक आकडा विचारतं: आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आहे? ४० फुटांवर इशारा पातळी, ४५ वर धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं ते आपण कुणीच विसरणार नाही. पण पाणी चढलं म्हणून कृष्णेला कुणी बेशिस्त म्हणत नाही. ४० फूट झाले की काय हलवायचं, कुठे जायचं हे आधी ठरलेलं असतं आणि पाणी उतरलं की माणसं घरी परत येतात. तुमच्या वर्षातही हळदीचं पाणी चढतं, आणि कधी चढणार हे तुम्हाला नदीपेक्षा कितीतरी नेमकं ठाऊक आहे. म्हणून सवयीची दोन मापं ठेवा, एक एरवीचं आणि एक हंगामाचं. हंगामाचं माप हास्यास्पद वाटावं इतकं लहान हवं. एरवी बारा सूर्यनमस्कार (चोवीस नको), फेब्रुवारी ते मे दोन. दोन नमस्कारांनी पोट कमी होणार नाही, मान्य. ते पोटासाठी नाहीतच. जूनमध्ये बारावर जाताना पहिल्यापासून सुरुवात करावी लागू नये, एवढ्यासाठी आहेत.

कडक नियम जास्त टिकतो, ही आपल्याकडची लाडकी समजूत आहे. अमेरिकेत एका मोठ्या कंपनीच्या अडीच हजारांच्या आसपास कर्मचाऱ्यांवर झालेल्या प्रयोगात तिला धक्का बसला. काही जणांना त्यांनी स्वतः निवडलेल्या ठराविक वेळेलाच जिमला गेलं तर पैसे मिळत, काहींना कुठल्याही वेळी गेलं तरी. वेळेला बांधलेल्यांची ती वेळ हुकली की ते त्या दिवशी सहसा जातच नसत. एकूण व्यायाम मोकळीक असलेल्यांचाच जास्त झाला. मला यातून दिसतं ते असं: वेळ ठरवा, पण ती हुकली तर दुसरी कुठली, हेही तेव्हाच ठरवा. "तोंड धुतलं की, चहाच्या आधी" ही तुमची पहिली वेळ. बघा, चहा कामाला आला. "नाहीच जमलं तर पेढीवरून आल्यावर, जेवणाआधी" ही दुसरी. दोन्ही हुकल्या तर तो दिवस गेला, उद्या पुन्हा पहिली वेळ.

सूर्यनमस्काराचा विषय निघालाच आहे तर एक सांगायला हवं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला आणि तो आपल्या संस्थानातल्या शाळांमध्ये नेला. मुलांनी घरी जाऊन निर्धार करावा, असं त्यांनी म्हटलं नाही. शाळेत, सगळ्यांनी मिळून, ठरलेल्या वेळी, अशी व्यवस्था लावून दिली. खुद्द राजाला मार्चअखेर नव्हती हे खरं, पण व्यवस्थेचं मर्म त्याला कळलं होतं.

पाच वाजता उठण्याबद्दल मात्र मी ठाम आहे: हंगामात मुळीच उठू नका. नऊनंतर घरी, दहाला जेवण, झोपायला साडेअकरा. पाचला उठलात तर झोप साडेपाच तास. मोठ्या माणसाला निदान सात तास लागतात. झोप मोडून केलेल्या सूर्यनमस्कारांची किंमत तुम्ही दुपारी आकडेमोड करताना मोजता आणि संध्याकाळी घरच्यांवर चिडून. शिवाय पाचच्या गजराने घरात आणखी कोण उठतं? पत्रात त्याबद्दल चकार शब्द नाही. दोन खोल्यांच्या घरात गजर एकट्यासाठी वाजत नाही. तुमच्या निश्चयापायी गरम पाणी ठेवायला पत्नी उठत असतील आणि मग दिवसभर पेंगत असतील, तर त्या हसतात त्यामागे थोडी सुटकाही असू शकते. त्यांना विचारा. नुसतं "चालेल ना?" असं नको, "तुला यातलं काय सोयीचं आहे?" असं विचारा. उत्तर ऐकून यादी बदलावी लागली तर बदला.

आता पेटी.

तुमच्या यादीतल्या सातही गोष्टी तुमच्यातली कसली तरी उणीव भरून काढायला आहेत. अंग सुटलंय म्हणून हे, इंग्रजी येत नाही म्हणून ते, मोबाईल फार बघतो म्हणून तिसरं. असली यादी रोज सकाळी उघडायची म्हणजे स्वतःच्याच चुकांची उजळणी. ती कुणाला आवडेल? आणि पत्राच्या अगदी शेवटी, जणू चुकून, तुम्ही मिरजेचं नाव घेता. ज्या गावात गायक अब्दुल करीम खाँसाहेबांचं वास्तव्य होतं, जिथल्या सतार-तंबोऱ्याची ख्याती देशभर आहे, त्या गावात तुम्ही एसटीने पेटी शिकायला जात होता. ती ओळ वाचताना मला पहिल्यांदा वाटलं की हा माणूस कशात तरी रमतो. तरीही पेटी यादीत नाही. तिच्याने पगार वाढत नाही आणि वजन घटत नाही म्हणून? माणूस वाढतो तो सुधारणांनी वाढतो तसाच रमण्यानेही वाढतो, आणि रमण्याची सवय लावावी लागत नाही, फक्त आड येणारं दूर करावं लागतं. पेटी माळ्यावर असेपर्यंत ती वाजणार नाही. खाली काढा. इतक्या वर्षांत भात्याला उंदीर लागले असतील, तर मिरजेत वाद्यांच्या दुकानात दाखवा. मग बाहेरच्या खोलीत, कापड झाकून, हात पोचेल अशी ठेवा. आईंना बहुधा आवडेल. शेजाऱ्यांचा विचार करून साडेनऊच्या आत आटपा. वहीत मोजदाद ठेवू नका. एवढ्या एका गोष्टीला तरी हिशोबातून सूट द्या.

वाचनाचंही तसंच. दहा पानं मोजून वाचणं हा मला अभ्यासक्रम वाटतो. नगर वाचनालयाचं सभासद व्हा, पुस्तक बदलायला ठरावीक दिवशी जा. परतीची तारीख तुमच्यावतीने थोडी शिस्त पाळेल. हंगामात सभासदत्व नुसतं चालू राहू द्या, पुस्तक नाही आणलं तरी चालेल.

मुलाच्या प्रश्नावर रागावू नका. तो मोजतोय, म्हणजे बघतोय. नववीतलं पोर वडिलांकडे बघतंय हीच मोठी गोष्ट. यंदा यादीची घोषणा करू नका, जाहीर केलेल्या यादीला पहारेकरी फार होतात. त्याने पुन्हा विचारलं तर खरं सांगा: "मेपर्यंत दोन, जूनपासून बारा." दहावीच्या वर्षात त्यालाही अशा दोन मापांचा उपयोग होईल, पण ते तुम्ही त्याला शिकवायला जाऊ नका. त्याला दिसेल.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं. तुमचा हंगाम हळदीचा नसेल. द्राक्षवाल्यांना एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी असते, त्या दिवसांत निश्चय करू नयेत. साखर कारखान्यात पाळी बदलते, तिथे "सकाळी सहा वाजता" असा नियम एका आठवड्यापुरताच. त्यांनी घड्याळाऐवजी "झोपून उठलो की" असा दुवा धरावा. शिक्षकांना परीक्षा आणि तपासणी आहे. मिरजेच्या दवाखान्यांतल्या परिचारिकांना रात्रपाळी आहे. आपापल्या वर्षाचा नकाशा आधी काढा, सवयीची जागा त्यानंतर शोधा.

आणि ज्या बायका मला लिहितात की त्यांना स्वतःसाठी दहा मिनिटंही रोज देता येत नाहीत, त्यांच्या वर्षाला हंगामच नाही. बाराही महिने पाणी धोका पातळीवर. त्यांना मी सवयींचे सल्ले देत नाही. तो प्रश्न घरातल्या कामाच्या वाटणीचा आहे, आणि घरातल्या बाकीच्यांनी दोन कामं उचलल्याशिवाय कुठल्याही युक्तीने तो सुटत नाही. दिवाणजी, पत्नीशी बोलाल तेव्हा हेही विचारून घ्या: त्यांची पेटी कुठल्या माळ्यावर आहे?

चाळिशीनंतर माणूस बदलतो का, याचं उत्तर देण्याआधी एक साधं काम सांगते: रक्तदाब आणि साखर एकदा तपासून घ्या. बैठं काम आणि अवेळी जेवण आहे म्हणून. हंगाम संपल्यावरही, ऐन श्रावणातही, कशातच मन लागत नसेल, झोप येत नसेल आणि हे आठवडे न् आठवडे चालू असेल तर डॉक्टरांना तेही सांगा, तिथे निश्चय कामाचे नाहीत. एरवी, हो, बदलतो. पेढीवर संगणक आला तेव्हा तुमची चाळिशी जवळ आली होती आणि वहीचा हात तुम्ही संगणकावर बसवलात, हे तुमच्याच पत्रात आहे.

आता एवढंच करा. आजच्या रोजमेळाच्या मागच्या पानावर तीन ओळी लिहा: एरवीचं माप, हंगामाचं माप आणि हंगाम संपल्यावर एरवीच्या मापावर परतायची तारीख. जूनचा पहिला आठवडा धरा. तीच तारीख घरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशोबाशेजारी लिहून ठेवा, म्हणजे घरातल्यांनाही दिसेल. त्या दिवशी नेमका एखादा सौदा लांबला, तर दुसऱ्या दिवशी सुरू करा.